भीमामाईशी अबोला

सुमे, तू अशी जवळ बसलीयस असं समजूनच बोलते गं. फोनवर ‘मावशी, बरी हायेस ना?’ एवढं विचारलं की झालं का गं तुझं? काका गेले तवा तू बाळंतपणात होतीस, नीट बोलणंच झालं न्हाई. म्हणून हे लिहितेय.

आपण भीमेकाठचे भोई. पाणी ओसरलं की गाळपेरीत काकडी-भोपळा लावायचा, बाकी वर्षभर मासेमारी. त्या पावसाळ्यात वरच्या धरणाचं पाणी सुटलं आन् जाळं सोडवायला गेलेले तुझे काका परतलेच नाहीत. रिकामी होडी तेवढी बाभळीला अडकलेली सापडली. नदीनं माणूस नेला की तो मिळेपर्यंत कुणी जाळं टाकायचं न्हाई, हा आपल्या वस्तीचा नेम. सगळे शोधत होते आन् मी घाटावर बसून नदीला शिव्या देत होते. जन्मभर तुझी ओटी भरली, आन् माझंच कुंकू नेलंस? आता निदान अग्नी द्यायला देह तरी दे.

दिवस गेले. वस्तीतल्या चुली थंडावल्या. शेजारची पारू करवादली, “पोरांनी काय नदीचं पाणी उकळून प्यायचं व्हय?” लोक तिच्यावर ओरडले, पण ती खोटं कुठं बोलत होती? मी थोरल्या दिरांना म्हणाले, “आप्पा, जाळी टाका.”

“अगं, त्यो अजून पाण्यात हाय!”

“असू द्या. पोरं उपाशी असताना ह्यांच्या गळ्याखाली कवा घास उतरला का?”

मग मी गुडघाभर पाण्यात उतरले आन् हात जोडले. माय, तुझ्यापाशीच ठेवायचा असला तर ठेव. मी आता भांडत न्हाई.

माणसं जाळी घेऊन होडीकडं निघाली, तोच काठानं एक अनोळखी म्हातारा मेंढपाळ आला. म्हणाला, “खालच्या वळणाला मेंढरं सकाळधरनं पाण्याला तोंड लावंनात. तुमचं कुणी हरवलंय का?”

तिथंच, जलपर्णीखाली, तुझे काका होते. हातात जाळ्याची दोरी तशीच.

अग्नी मिळाला. म्हाताऱ्याला भाकरी द्यावी म्हणून शोधलं, तर तो मेंढरं घेऊन पुढं गेला होता. लोक म्हणतात योगायोग. असंल बाई, मी वाद घालत न्हाई. वल्ह्याचा आवाज आला की अजून मान वळते, डोळे भरतात. पण देह मिळाला, राख सावडता आली, हे भीमामाईचेच उपकार. आता ओटी भरते ती काही मागायला न्हाई. तिच्याशी अबोला धरून मला जगताच येईना.

एकटीला घर खायला उठतं गं. पोरांना घेऊन लवकर ये. चिलापी माशाचं कालवण करीन.