शैलजामावशी उभ्या राहिल्या

मिशिगनमधल्या नोव्हायच्या आमच्या कॉलनीत शैलजामावशींइतका अमेरिकेचा इतिहास कुणी घोटला नसेल. नागपूरला इंदोऱ्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं, आणि आता उतारवयात स्वतःच परीक्षेला बसायची पाळी आली, तीही सिटिझनशिपच्या. सून हर्षिता डिशवॉशर लावता लावता प्रश्न विचारायची, मावशी ओट्याला टेकून उत्तरं द्यायच्या. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना हे कळलं असतं तर त्यांनी पेढे वाटले असते.

हौस मात्र मुळीच नव्हती. नागपूरला थोरली बहीण जाईबाई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती, आणि मावशींना वर्षभर तरी तिच्यापाशी राहायचं होतं. पण मागच्या खेपेला विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं बजावलं होतं, की पुन्हा इतके महिने बाहेर राहिलात तर ग्रीनकार्ड हातचं जाईल. म्हणजे नागपुरात राहता यावं म्हणून बाईंना अमेरिकन व्हायचं होतं. भिशीत हे ऐकून सगळ्या बायका हसल्या. मावशी हसल्या नाहीत.

अभ्यासातही त्यांचं भांडण चालायचंच. घटना होऊन शंभरावर वर्षं उलटल्यावर इथं बायकांना मत मिळालं, हे वाचून त्यांनी चष्मा काढून ठेवला. आमच्या बाबासाहेबांनी एका फटक्यात सगळ्यांना दिलं, आणि हे घेणार माझी परीक्षा, असं त्यांनी हर्षिताला ऐकवलं. महामंदीच्या धड्याला मात्र त्यांचा आवाज बसायचा. बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, माणसं ब्रेडसाठी रांगेत उभी राहिली. मुलगा ऋषी गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत, आणि तिथं टॅरिफच्या बातम्यांनंतर लेऑफची कुजबुज चाललेली. मावशी धडा पाठ करायच्या आणि जेवताना पोराच्या तोंडाकडे बघायच्या. तो दुसरी पोळी नको म्हणाला तरी त्या वाढायच्याच.

डेट्रॉइटला इंटरव्ह्यूच्या दिवशी त्यांनी पांढरी साडी नेसली. नात अनुष्का दारातून म्हणाली, "आजी, जस्ट रिलॅक्स." मावशींनी गाडीत बसेपर्यंत सगळी उत्तरं पुन्हा पहिल्यापासून म्हणून घेतली.

समोरचा अधिकारी तरुण होता, ना हसरा ना रागीट. मंदीचं विचारलं, आलं. बायकांच्या मताचं विचारलं, तेही आलं, जरा ठसक्यातच आलं. मग त्यानं विचारलं, घटनेची सुरुवात कुठल्या तीन शब्दांनी होते?

मावशी खुर्चीतून ताडकन उभ्या राहिल्या. शाळेत दर संविधानदिनी त्या पोरांसोबत उद्देशिका उभ्यानं म्हणायच्या, आधी मराठीत, मग इंग्रजीत. त्या वाक्याला त्यांचे गुडघे आपोआप सरळ होतात. "वुई द पीपल," त्या खणखणीत म्हणाल्या, आणि जीभ आवरायच्या आत पुढचंही बाहेर पडलं, "ऑफ इंडिया."

मग त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. जाईबाईची खाट डोळ्यांपुढे आली आणि दूर दूर जायला लागली. अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं.

"मॅडम, मी तीनच शब्द विचारले होते," तो म्हणाला. "तीन बरोबर आलेत. बसा."

पास झाल्याचं कळूनही गाडीत बसेपर्यंत मावशींचा विश्वास बसला नव्हता. ऋषीनं फोन स्पीकरवर लावून दिला.

"मग आता कधी निघतं वं?" जाईबाईनं पहिलं तेच विचारलं.

ऋषीनं मधेच सांगितलं, की आधी शपथ, मग पासपोर्ट, मग व्हिसा, काही महिने तरी जातील.

"कुठला व्हिसा?" मावशींनी विचारलं.

ऋषी रस्त्याकडे बघत राहिला. "भारताचा, आई."

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, हे नागरिकशास्त्र शिकवलेल्या बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं, पोटच्या पोराच्या तोंडून ऐकणं वेगळं.

"म्हणजे तू आता इथं पाहुणी होय," पलीकडून जाईबाई म्हणाली. "बरं, पाहुणी तर पाहुणी. पण लवकर ये बापा, मी किती दिवस थांबू?"

फोन ठेवल्यावर मावशी नोव्हायची एक्झिट येईपर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग त्यांनी हळूच ऋषीला विचारलं, त्या व्हिसाला परीक्षा असते का रे.