निकालानंतरचा चहा

ज्या पक्षाने बोलावलं त्यालाच घाम फोडणारा तज्ज्ञ साक्षीदार महाड-पोलादपूरच्या कोर्टांनी एकच पाहिला, आणि तो माझा सख्खा मामा आहे.

मामा बांधकाम खात्यातला निवृत्त ओव्हरसियर. भिंत दिसली की हात फिरवल्याशिवाय पुढे सरकत नाही. माझ्या लग्नात सगळे अक्षता घेऊन उभे, तर हा कार्यालयाची मागची भिंत ठोकून बघतोय! काही देशांत तज्ज्ञाला कोर्टच नेमतं, आपल्यासारखा पक्षकार आणत नाही, असं त्याने कुठेसं वाचलं आणि पोलादपुरात राहून त्या देशांचा कायदा पाळायला घेतला. "आपल्याकडं साक्षीदार म्हंजे नवरीकडला वऱ्हाडी. मी तसला नाय," असं तो पक्षकाराला तोंडावर सांगायचा. निकालापर्यंत पक्षकाराघरचं पाणीसुद्धा घ्यायचा नाही.

मी नवा वकील असताना हिरकणीवाडीच्या एका खानावळवाल्या काकूंची केस माझ्याकडे आली. रस्त्यासाठी लावलेल्या सुरुंगांनी त्यांच्या चुलीमागची भिंत तडकली होती. ठेकेदार म्हणे, तडा जुनाच. भरपाई मिळाली नाही तर खानावळ बंद पडणार होती. मी मामाला भिंत दाखवायला नेलं. काकूंनी चहा पुढे केला. "निकालानंतर गो बाय," म्हणत त्याने स्वतःची बाटली काढली आणि तासभर तड्यात बोट घालून बसला.

कोर्टात मी धड काही विचारण्याआधीच मामा न्यायाधीशांना म्हणाला, "साहेब, भिंत कच्चीच हाय. पाया उथळ." माझ्या पायाखालची जमीन सरकली. ठेकेदाराचा वकील खुशीत उठला. "म्हणजे तडा जुना असेल?"

"नाय. भिंत धुरानं काळी, तडा आतून पांढरा. चुलीमागला जुना तडा पांढरा राह्यल काय?"

वकील खाली बसला. बोलावणाऱ्याच्या विरुद्धही खरं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायला हवा, असं न्यायाधीशांनी निकालात लिहिलं आणि काकू जिंकल्या.

पण निकालाला चार वर्षं लागली. तोवर मामाचे गुडघे गेले, डॉक्टरांनी साखर बंद केली. मी त्याला गाडीत घालून हिरकणीवाडीला नेलं. नव्या भिंतीवर सावकाश हात फिरवून तो तिला टेकून बसला. काकूंनी चहा आणला.

"साखर हाय ना गो?"

"हाय, पण डॉक्टर..."

"मग दे."

दोन्ही हातांत ग्लास धरून तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. खरं सांगायच्या नादात हा माणूस किती घरांतून तहानलेला परतला असेल, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.