आमच्या बावीच्या नावाचं पाणी

"थंयच रव. वर येव नको. बाटल्यो थंयच ठेव."

वरच्या वाडीतल्या भाऊंनी मला त्यांच्या विहिरीच्या खालच्या पायरीवर थांबवलं. मी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. विहिरींत जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकायची, पाण्याचे नमुने भरून तालुक्याला पोचवायचे, हे माझं काम. सरकारी काम. पण वरच्या वाडीतल्या बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, दोराला माझा हात चालत नव्हता. बाटल्या मी पायरीवर ठेवायच्या. भाऊंचा गडी त्या उचलणार, भरणार, परत पायरीवर ठेवणार. एकदा तोल गेला म्हणून मी कठड्याला हात टेकला. लगेच घरातून कळशी आली. कठडा धुतला गेला. माझ्यासमोर.

त्या दिवशी माझ्याकडे दोन बाटल्या होत्या. एक त्यांच्या बावीची, एक खालच्या आमच्या वाडीतल्या बावीची. भाऊ गड्याला म्हणाले, "दोनय हयच भर."

मी म्हटलं, भाऊनू, दुसरी खालची आसा.

ते माझ्याशी बोललेच नाहीत. गड्याकडे बघून म्हणाले, "खालच्या बावीचा पाणी तपासून काय करूचा? तेंका सगळा पचता."

गडी हसला. मीही हसलो. ते हसणं आजही माझ्या तोंडात कडू आहे.

पुढे तीच रीत पडली. आमच्या बावीचं नाव चिकटवलेली बाटली त्यांच्या बावीवर भरायची. तालुक्याहून उत्तर यायचं, पिण्यास योग्य. मला ठाऊक नव्हतं असं मी लिहिणार नाही. आमच्या बावीच्या वरच्या उतारावर भाऊंनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. त्यांच्या संडासांचा शोषखड्डा आमच्या बावीच्या डोक्यावर होता. कोकणातला जांभा दगड. भोकाभोकांचा. त्यातून पाणी कुठे जातं हे इथल्या कुठल्याही माणसाला सांगावं लागत नाही. सुट्टीत खोल्या भरल्या की आमच्या पाण्याला वास यायचा. बायका पाणी फडक्यातून गाळायच्या. मी गप्प. माझी नेमणूक भाऊंच्या शब्दावर होती, आणि पंचायतीचा माणूस म्हणून मिळणारी खुर्ची मला गोड लागत होती.

मग वाडीत कावीळ आली. घरोघरी पिवळे डोळे. माझी सून पोटुशी होती. तिलाही झाली. ती वाचली. पोटातलं मूल गेलं.

इस्पितळातून आल्यावर ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "बाबा, आपल्या बावीचा पाणी बरा आसा म्हणान कागद इल्लो ना?"

मी मान हलवली.

"मगे माका ह्या खंयसून झाला?"

मी उठून बाहेर गेलो.

गावाने देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे संकट आलं की मानकरी देवापुढे उभा राहून ते सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला सारा गाव होकार भरतो. मानकरी म्हणजे भाऊच. आमची वाडी नेहमीप्रमाणे देवळाच्या पायऱ्यांखाली, उन्हात.

भाऊंनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, खालच्या वाडयेन बावीत काय घाण केली आसात, विटाळ केलो आसात, ती चूक पदरात घे आणि पोराबाळांची राखण कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. आमची माणसंही म्हणाली. ज्यांच्या घरात माणसं अंथरुणाला खिळली होती, तीही. माझी सूनही शेजारी उभी होती. तिचे ओठ हलताना मी बघितले. स्वतःचं मूल घालवल्याचा दोष ती स्वतःवर घेत होती.

मी म्हणालो, "नाय म्हाराजा."

देवळात असं कोणी कधी बोललं नव्हतं. मी पायऱ्या चढलो आणि सगळं सांगितलं. घाण कोणाची, खड्डा कुठे, बाटल्या कोणी भरल्या, कोणी वाहून नेल्या. भाऊ म्हणाले, "म्हाताऱ्याचा डोक्या फिरला." वरचे हसले. खालचे हसले नाहीत. आमच्या वाडीतली एक विधवा बाई माझ्यापुढे येऊन थांबली. "इतकी वर्सां गप कित्याक रवलंस?" तिच्या घरची दोन माणसं आजारी होती. ती माझ्या अंगावर थुंकली असती तरी मी पुसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी आमच्या बावीवर, सगळ्या वाडीसमोर, मी माझ्या हाताने बाटली भरली. तालुक्याहून उत्तर आलं, पिण्यास अयोग्य. माझी नेमणूक गेली. खड्डा तिथेच आहे. खोल्याही भरतात.

परवा भाऊंनी निरोप घेऊन माणूस पाठवला. बोलणं मागे घे, वरच्या बावीचं पाणी नळाने वाडीत सोडतो. म्हणजे त्यांनी दिलं तर आम्ही प्यायचं, आणि आमची बाव त्यांच्या संडासाला द्यायची. सून दारात उभी राहून ऐकत होती. तिच्यादेखत मी त्याला नाही म्हणून परत पाठवलं, आणि मग देवळात गावाला सांगितलेलं तिला समोर बसवून सांगितलं, तुझं मूल कशाने गेलं ते, आणि त्यात माझा हात किती ते. तिने मला माफ केलेलं नाही. करू नये.

आज तालुक्याला जाऊन सहीनिशी तक्रार देणार आहे. खोटी बाटली वाहून नेणारा मी, म्हणून आरोपींत पहिलं नाव माझं. दुसरं नाव भाऊंचं. मला शिक्षा झाली तरी चालेल. पण एकट्याला होऊ देणार नाही.