नव्यांची खुर्ची

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात विषय निघाला की उठून गोठ्यात जायचो. आता लिहूनच टाकतो.

शिरूरजवळच्या एका कंपनीच्या ऑफिसात माझा निरोप समारंभ होता. गळ्यात हार, हातात नारळ. खुर्चीवर पांढरा टॉवेल पसरलेला. मॅनेजर साहेब म्हणाले, "बसा मामा. आज तुमचा मान." बसलो, पाठ टेकली आणि मागे उलटलो. पाय वर. टोपी एकीकडे, नारळ टेबलाखाली. सगळं ऑफिस हसलं. समोर माझी बायको बसली होती. ती हसली नाही.

टॉवेलाखाली नव्यांची खुर्ची होती.

नवा पदवीधर कामावर आला की पहिल्या दिवशी त्याला ती द्यायची. पाठीचा खटका तुटलेला. पोरगं कडक इस्त्रीच्या शर्टात, घरच्यांनी पेढे वाटून पाठवलेलं. ते उलटलं की साहेब म्हणायचे, "डिग्री मिळाली, बसायला नाही शिकवलं?" हसत उठला तो टीममधला. याला ते ट्रेनिंग म्हणत. पुढचं ट्रेनिंग सोपं. साहेबांच्या शिळ्या विनोदाला हसायचं आणि साहेबांची चूक आपली म्हणायची.

मी तिथला शिपाई. गोडाऊनमधून खुर्ची काढून ठेवायचं काम माझं.

काही वर्षांपूर्वी वडगाव रासाईची एक पोरगी, घरातली पहिली इंजिनिअर, तशीच पडली. मनगट मोडलं. ती हसली नाही. जमिनीवरूनच तिनं विचारलं, "ही खुर्ची कुणी ठिवली?" साहेबांनी माझ्याकडे बघितलं. चौकशीत मी म्हणालो, "खुर्ची चांगली हाय. पोरगी सोताच झुलत व्हती." तेवढ्यावर तिला निष्काळजी ठरवून काढलं. ती कोर्टात गेली. केस अजून चालू आहे.

निरोपाच्या दिवशी खाली पडल्यावर मला आधी साहेबांचे बूट दिसले. तिलाही हेच दिसलं असणार. साहेबांनी हात पुढे केला. मी धरला नाही. टेबलाला धरून उठलो. हार काढला.

"साहेब, त्या पोरीच्या केसात मी खोटं बोललो. तुम्ही बोलायला लावलं. आता कोर्टात खरं सांगनार हाय."

"अहो मामा, गंमत केली!"

"व्हय. आता माझी गंमत बघा."

साहेबांचा चेहरा उतरला. तो मी डोळे भरून बघितला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पोरगी आता दौंडला क्लासमध्ये शिकवते. तिला शोधत गेलो. साक्ष देणार, साहेबाला भर कोर्टात उघडा पाडणार, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"आन् मामा, मी पडले तवा तुम्ही पण हसला व्हता. ते सांगनार?"

"सांगीन."

सांगणारच. माझं नाव बुडालं तरी चालेल, साहेबाला घेऊनच बुडेन.

तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. पोरी, माझं चुकलं, एवढंच म्हणायला मी एसटीनं इतका लांब आलो होतो. पाणी प्यालो. "तारखेला येतो," म्हणालो आणि चपला घातल्या.