तोंडानं वाजवलेली मोटार

उजनीच्या पाण्यावरून आमचं वऱ्हाड होडीनं पलीकडच्या गावाला निघालं होतं. भर पाण्यात होडीची मोटार भलताच आवाज करू लागली, तशी आम्ही हातवारे करून नावाड्याला ती बंद करायला लावली. मुहूर्त जवळ आलेला, नवरदेव घामाघूम.

त्या नावाड्याचं नाव मी विचारलंच नाही. डोक्याला टॉवेल, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तो निवांत आमच्याकडे वळला. "माजं कान ह्या मोटारीनंच खाल्ल्यात, धड ऐकू येत न्हाई. कसा आवाज येत हुता, तोंडानं काडून दावा की!"

आधी सगळे लाजले. मग मामा खडखडले. नवरदेव मुंडावळ्या सावरत घुरघुरला. नावाडी कानामागे हात धरून एकेकापुढे वाकायचा आणि 'न्हाई' म्हणून मान हलवायचा. शेवटी तो आत्यापुढे येऊन वाकला. मानपानावरून रुसलेली आत्या सकाळपासून कुणाशी बोलली नव्हती.

"कर्रर्र-टक्," आत्या त्याच्या कानात ओरडली. "कर्रर्र-टक्!"

"व्हय! पंख्यात जाळं गुतलंय." त्यानं मोटार वर उचलून तिच्या खालच्या पंख्याला गुंडाळलेला मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा कापला आणि आत्याकडे बघून हसला. "आत गुतल्यालं बोलून दावलं की निम्मं काम हुतंय, मावशी."

मोटार सुरू झाली. त्यानं पुन्हा कानामागे हात धरला आणि भुवया उडवल्या: आता?

"भुर्रर्र!" अख्खी होडी ओरडली. आत्या सगळ्यांत मोठ्यानं.

मांडवात व्याही नारळ घेऊन तिची समजूत काढायला आले. आत्या त्यांनाच मोटारीचा आवाज काढून दाखवत बसली.