कोणी तोडल्या?

जुलैतला रविवार, पाऊस उघडलेला. हजर: मी, माझे मिस्टर, शेजारच्या क्वार्टरमधल्या वंदनाताई आणि भाऊ. ठिकाण: चंद्रपूर-मूल रोडवरच्या एका फाट्याचं हॉटेल. जेवणाला सुरुवात: झाली नाही, कारण भाऊंचा पंजा माझ्या ताटावर होता.

"थांबा. पहिले विचारू द्या."

हे त्यांचं नेहमीचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जो दूध घेताना दूधवाल्याच्या तोंडाकडे बघतो. आमचे भाऊ म्हैस बघायला गेले असते.

भाऊ वीज केंद्रात मिस्टरांच्याच सेक्शनला होते आणि ऊर्जानगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. बायको वारलेली, मुलगी नागपूरला, त्यामुळे एकटेच. रोज घरचं तेच ते खाऊन कंटाळलो म्हणून आम्ही एक रविवार सोडून एक रविवार नव्या ठिकाणी जेवायला जायचं ठरवलं; हेच आमचं चौघांचं मंडळ. गाडी कोणाची, निघायचं कधी, काय खाल्लं, पुन्हा जायचं की नाही, हे मी लिहून ठेवायची. लिहिलं नाही तर चौघं चार गोष्टी सांगतात, हा माझा अनुभव आहे.

भाऊ मंडळात आले ते खायला की तपासायला, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. चंद्रपुरात सावजीच्या रश्शासाठी बसलो, तर हे आत जाऊन मसाला कोण वाटतं ते बघून आले. बल्लारपूरच्या तेलुगू मेसमध्ये विचारलं, "डाळ कालची तं नाई?" आचारी तेलुगूत काहीतरी बोलून हसला. भाऊ परत येऊन म्हणाले, "हा काहीतरी लपवून राह्यला." चामोर्शीकडे बंगाली खानावळीत त्यांनी माशाचे कल्ले उघडून पाहिले आणि मग सगळ्यांत जास्त भात त्यांनीच खाल्ला. कोरपन्याकडच्या ट्रकवाल्यांच्या ढाब्यावर मागे एक बोकड बांधलेला होता. भाऊंनी वेटरला विचारलं, "सकाळी दोन होते का?"

वंदनाताई चिडायच्या. "भाऊ, तुमाले जेवाले आणलं का छापा टाकाले?"

"जेवालेच आलो ना ताई. पण पहिले विचारू द्या."

तर त्या रविवारी फाट्यावर ताटात सात्या होत्या. पावसाळ्यात आमच्या जंगलात वारुळाजवळ उगवणाऱ्या या बारीक मशरूम. चार-सहा आठवडे मिळतात, मटणापेक्षा महाग जातात आणि लोक त्यांच्यासाठी वाट वाकडी करून येतात. हॉटेल म्हणजे टिनाचं छप्पर, मातीची चूल आणि लाकडी बाकं. चालवणारी बाई एकटी, पन्नाशीची. बाजूच्या गावात आठवडी बाजार होता, त्यामुळे बाकं गच्च भरलेली.

भाऊंनी विचारलं, "बाई, कोणी तोडल्या?"

"गावच्या बायानं."

"कोणत्या? नाव सांगा."

बाईच्या दोन्ही हातांत ताटं होती. "आता कोणाकोणाचं नाव सांगू भाऊ? पाटीभर आल्या, साफ केल्या, शिजवल्या. खायाचं तं खा."

भाऊ उभे राहिले. सेक्शनमध्ये मशीनच्या आवाजावरून ओरडायची सवय असलेला तो गळा. "कोणीच खाऊ नका! कोणी तोडल्या ते हिले माहीत नाई!"

पलीकडच्या बाकावरच्या माणसाच्या हातातला घास परत ताटात पडला. एक पोरगी बाहेर जाऊन ओकली. ती बसमधूनच मळमळत आली होती, हे तिची आई सांगत होती, पण ऐकायला कोणी थांबलं नव्हतं. बघता बघता बाकं रिकामी झाली.

बाई भांडली नाही. तिनं एक ताट घेतलं, भाऊंच्या समोर बसली आणि त्यातल्या सगळ्या सात्या भाकरीसोबत खाल्ल्या. हात धुतले आणि भांडी घासायला लागली.

आम्हाला वाटलं, आता निघू. भाऊ हलेनात. दुपार उतरेपर्यंत आम्ही बसून राहिलो आणि भाऊ बाईकडे बघत राहिले. तिनं भांडी घासली, चूल सारवली, शेळीला पाला टाकला. तिला काही झालं नाही. मग भाऊ उठले, "बरं, चाला," म्हणाले. आणि सरळ गाडीत जाऊन बसले.

गाडीत वंदनाताईंनी त्यांना फैलावर घेतलं. "त्या बाईच्या पोटावर पाय दिला तुमी! काऊन असं करता?"

भाऊ खिडकीबाहेर बघत होते. "आमच्या गावी असेच सात्या म्हणून कोणीतरी आणून देल्ल्या. मले ताप होता, मी जेवलो नाई. सगळे ओकले, दवाखान्यात गेले, वाचले. लहान बहीण नाई वाचली. माय मरेपर्यंत एकच विचारे, कोणी तोडल्या होत्या? कोणालेच सांगता नाई आलं."



त्यानंतर भाऊ मंडळात येईनासे झाले. विचारलं तर म्हणाले, गुडघ्याचं औषध घ्यायला जातो. रविवारी कोणता वैद्य बसतो? शिवाय त्यांची स्कूटर परत यायची ती चाकं लाल मातीनं भरलेली. आता संशय घ्यायची पाळी आमची होती.

"भाऊनं एखादी बाई पाह्यली," वंदनाताई म्हणाल्या.

"कोणाच्या तरी धंद्यात भागीदारी केली असेल," मिस्टर म्हणाले.

मला वाटलं, आपल्याला सोडून चांगलंचुंगलं खातोय माणूस. अंदाज करत बसण्यापेक्षा जाऊन बघितलेलं बरं. ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही तिघं निघालो. तशी लाल माती मूल रोडच्या त्या फाट्यावरच पाहिली होती, एवढा माग पुरेसा होता.

फाट्यावर हॉटेलसमोर स्कूटर उभी होती. छपराखाली बाकं रिकामी. बाहेर, बसस्टॉपच्या अगदी तोंडावर, एक टेबल काढून ठेवलेलं आणि त्यावर भाऊ एकटेच जेवायला बसलेले. बसची वाट बघणारे लोक त्यांच्याकडे बघत होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "त्या दिवशी हाच ओरडला होता ना? आता सोताच खाऊन राह्यला!"

बाईनं वाटी आणून ठेवली. सात्या. भाऊंचा पंजा वाटीवर गेला.

"कोणी तोडल्या?"

"मीनं तोडल्या, भाऊ. दर खेपेले तेच विचारता."

"कुठी?"

"तलावाच्या वरच्या अंगाले. जुन्या वारुळापाशी. आता खाता का उचलू?"

भाऊंनी डोळे मिटले आणि घास तोंडात घातला. गिळताना त्यांचा गळा हलला तो मला रस्त्यावरून दिसला. लहानपणापासून ज्या माणसानं सात्यांना हात लावला नव्हता, तो दर रविवारी येऊन असा खात होता. कपाळावर घाम होता.

आम्ही दिसल्यावर लाजले. "मी उठवले ना लोक," ते म्हणाले, "तं मीच बसवले पाह्यजे. सांगून कोणी बसत नाई. खाताना दिसलं पाह्यजे."

"आन् भेव नाई लागत?" वंदनाताईंनी विचारलं.

"लागते ना. म्हणून तं विचारतो."

आम्ही तिघंही त्या टेबलावर बसलो. वंदनाताईंनी मुद्दाम मोठ्यानं भाकर मागितली. थोड्या वेळानं बसस्टॉपवरचा तो माणूस आला, आमच्या ताटात वाकून पाहिलं आणि बाकावर टेकला. दिवाळीपर्यंत छपराखाली पुन्हा जागा मिळेनाशी झाली. पुढच्या पावसाळ्यातही भाऊ जात राहिले, तेव्हा तर गरजही नव्हती. बाहेरचं टेबल बाईनं त्यांच्यासाठी तसंच ठेवलं होतं.

मग भाऊ रिटायर झाले. क्वार्टर सोडावं लागलं, ते मुलीकडे नागपूरला गेले. जाताना आम्हालाही आणि बाईलाही म्हणाले, "सात्या निघाल्या का सांगजा. बसनं येतो." यंदाच्या उन्हाळ्यात ते दुपारचे झोपले ते उठलेच नाहीत.

राहिलेली कामं मी घेतली. नागपूरला त्यांच्या मुलीला भेटून येणं, झालं. सेक्शनमधल्या लोकांना कळवणं, झालं. त्यांची स्कूटर गिऱ्हाईक बघून विकून देणं, झालं.

मागच्या आठवड्यात फोन आला. बाईकडे माझा नंबर होता, तो मीच कधीतरी पार्सल सांगायला दिलेला. "ताई, सात्या निघाल्या. भाऊचा फोन लागून नाई राह्यला. त्याहिले सांगा, मीनंच तोडल्या म्हणा. त्याच वारुळाच्या."

मी "हो" म्हणून गेले.

रविवारी आम्ही मूल रोडला निघालो, ते फाट्यावर थांबून बाईला सांगायचं ठरवून. फाट्यावर मिस्टरांनी गाडी हळू केली. बाकं भरलेली होती. बाहेरचं टेबल पुसून ठेवलेलं, त्यावर एक वाटी, तिच्यावर ताटली झाकलेली. बाई रस्त्याकडे बघत होती. मी मिस्टरांना म्हटलं, चला पुढे.

ते म्हणतात, फोनवर सांगून टाक. ही गोष्ट फोनवर सांगायची नाही. येत्या रविवारी जायचं आहे, बाहेरच्या टेबलावर बसायचं आहे आणि मग सांगायचं आहे. तेवढं एक काम राहिलं आहे.