निघणाऱ्याला कुठं विचारू नये

नाशिकच्या घरातून मी पिशवी घेऊन बाहेर पडले, तर समोरच्या दारात उभ्या असलेल्या पूर्वाने गोड आवाजात विचारलं, "काकू, कुठे निघालात?"

झालं. मी चप्पल काढली, परत आत आले, सोफ्यावर बसले आणि सुनेकडे पाणी मागितलं. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, मुलगा घड्याळ बघतोय, आणि मी आपली घोट घोट पाणी पितेय. पूर्वा बिचारी नवीन लग्न होऊन आलेली. तिला वाटलं मला चक्कर आली, ती लिंबू घेऊन आली.

आमच्या वऱ्हाडात निघणाऱ्याला कुठं म्हणून विचारत नाहीत, आणि निघणाराही आपण होऊन सांगत नाही. चुकून कोणी विचारलंच, तर मागे यायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि मग नव्याने निघायचं. तसंच पुढे गेलं तर काम होत नाही म्हणतात. काही लोक याहून वाईटही म्हणतात. लग्न होऊन नाशिकला आले त्याला उभा जन्म झाला, गोदावरीचं पाणी प्यायले, पण एवढं एक काही माझ्यातून गेलं नाही.

आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी निघाले होते अमरावतीला, लेकीकडे, तेही ऐन मे महिन्यात. मे महिन्यात शहाणी माणसं वऱ्हाडातून बाहेर पडतात, आत जात नाहीत. पण जावयांचा, सुनीलरावांचा फोन आला होता. ते फार कमी बोलणारे. म्हणाले, "आई, वैशाली उन्हात पळून राहिली. मागच्या हप्त्यात दारातच भोवळ येऊन पडली. तुमी या अन् तिले थांबवा. माह्यं ऐकत नाई." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

माझी लेक शाळेत मास्तरीण. चाळिशी उलटली. लहानपणी तिला दुकानात पाठवायचं म्हटलं तरी रिक्षाचे पैसे मागायची. ती पळते? कशासाठी? कोणी मागे लागलंय का? गाडीत बसल्यावर मी हाच विचार करत होते. जळगावपर्यंत खिडकीतून वारा येत होता. भुसावळ गेलं आणि वाऱ्याच्या जागी तव्यावरची वाफ यायला लागली. शेगावला कचोरी घेतली, तर हातातल्या कचोरीहून खिडकीचा गज गरम होता.

अकोल्याला माझा धाकटा भाऊ बाळू न्यायला आला होता. डोक्याला, कानाला, तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, नुसते डोळे दिसत होते. मी आधी दुसऱ्याच माणसाच्या हातात पिशवी दिली. तोही तसाच गुंडाळलेला होता, काय करणार. तो म्हणाला, "मी तुमचा भाऊ नाई बाई, पन देतो नेऊन."

घरी कूलरसमोर बसून मी सगळं सांगितलं. बाळूचं मत पक्कं होतं. "ताई, उन्हाळा काही चेष्टा नाई. तिले साफ सांग, पळनं बंद. घरात मशीन आन म्हना, पंख्याखाली पळ." त्याने माझ्या पिशवीत पांढरे कांदे भरले. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे खिशात कांदा ठेवतात. मी म्हटलं, पळणाऱ्या बाईला खिसा कुठे असतो. तो म्हणाला, "कमरेले बांध."

त्या दिवशी जेवायला आमरस आणि सरगुंडे होते (काडीवर गुंडाळून केलेल्या पोकळ शेवया, वाळवून ठेवतात आणि उकडून रसात खातात). बाळू झोपल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यावर तिचा एक डोळा. हळूच म्हणाली, "ताई, नका थांबवू तिले."

मी म्हटलं, "अगं, पडली ती."

"पडली तं पडली. उठली ना?" असं म्हणून ती कुरडया उलटायला गच्चीवर गेली, भर दुपारी, डोक्यावर पदर घेऊन. तिला कोणी थांबवलं नाही. कुरडयांसाठी ऊन चालतं, असं दिसतं. मी आडवी झाले, पण डोक्यात भावाचं एक आणि भावजयीचं दुसरं, असं चालू राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अमरावतीला निघाले. बाळूने कुठं विचारलं नाही, माहीत असूनही. नुसतं म्हणाला, "बरं मंग." दोन्ही बाजूंना काळी जमीन उघडी पडलेली, तिच्या भेगा हात जाईल एवढ्या. मधूनच एखादा बहावा पिवळाधमक लटकलेला, बाकी सगळं भाजलेलं. मूर्तिजापूरला शेजारी एक बाई चढली. माझ्या पिशवीतले कांदे बघून म्हणाली, अमरावतीत कांदे भेटत नाहीत काय. मी तिलाही लेकीची गोष्ट सांगितली. (माझा स्वभाव एव्हाना तुम्हाला कळलाच असेल.) तिने बडनेऱ्यापर्यंत विचार केला आणि उतरता उतरता म्हणाली, "नजर काढा."

वैशाली बसस्टँडवर स्कुटी घेऊन आली होती. वाळलेली, काळवंडलेली, आणि डोळे मात्र असे लखलखीत की मी बघतच राहिले. आजारी माणसाचे डोळे असे नसतात. मग काळजी कशाची करायची, तेच कळेना. संध्याकाळी तिने मला गिला वडा खायला नेलं (मुगाचा वडा, वरून दही आणि चटण्या). खाताना मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तिने आणखी एक वडा घेतला.

घरात वेगळीच तऱ्हा. सुनीलराव नोकरीला रोज चांदूर रेल्वे या गावी जाऊन येतात. आल्यावर बायकोशी भाजीबद्दल बोलले, कूलरच्या पाण्याबद्दल बोलले. पळण्याबद्दल एक अक्षर नाही. ते मला डोळ्यांनी खुणावत होते आणि लेक माझ्याकडे बघणं टाळत होती. नात पुण्याला शिकते, यंदा सुट्टीतही आली नाही. तिची खोली आवरलेली, पलंगावर चादर ताणून घातलेली. मी त्या खोलीत झोपले.

रात्री ठरवलं, आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघू, मग काय ते बोलू. सकाळी वैशालीला म्हटलं मीही येते. ती उजाडायच्या आत निघणारी. पण मी आंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, त्यात देवापुढचा दिवा दोनदा विझला, मग चहा. ती बूट घालून दारात उभी होती. छत्री तलावाच्या रस्त्याला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं.

तिने मला एका कडुनिंबाखाली बसवलं. मी तिच्या कमरेला रुमालात कांदा बांधला. तिने बांधू दिला. मग तिने तोंड धुतलं, मान इकडे तिकडे केली आणि ती निघाली. पुढे रस्त्याला दोन फाटे होते. कुठल्या फाट्याने जाणार, केव्हा येणार, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण निघालेल्या माणसाला कसं विचारायचं? त्यात ही आधी पडलेली. मी जीभ चावली. तेवढ्यात एक टेम्पो आडवा गेला, आणि तो गेला तर ती दिसेनाशी.

बसले. सावली माझ्या पायांवरून सरकली. पळणारी दुसरी माणसं परत आली, गाड्यांत बसली, गेली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, आजी, घरी जा, तपून राहिलं. फोन लावावा, तर माझा फोन तिच्या स्कुटीच्या डिकीत आणि किल्ली तिच्याजवळ. मला डोळ्यांपुढे ती कुठेतरी पडलेली दिसायला लागली. मी कांद्यांची पिशवी झाडाशी ठेवली आणि डाव्या फाट्याने चालायला लागले. डाव्याच का? काही सांगता येत नाही. पाय वळले.

ते ऊन मी विसरले होते. नाशिकच्या उन्हात माणूस घामेजतं, वऱ्हाडच्या उन्हात घामसुद्धा येत नाही, येतो तोच वाळतो. थोडं चालले आणि रस्ता पाण्यासारखा हलायला लागला. एका रसवंतीपर्यंत (उसाच्या रसाच्या दुकानापर्यंत) पोचले हे आठवतं. एक बाई चरकावर पाणी मारत होती. तिने मला बघितलं, हातातली बादली टाकली आणि मला बाकावर निजवलं. माझा पदर ओढून ओला केला, डोक्यावर ठेवला.

"रस द्या," मी म्हटलं.

"रस नाई भेटत. पयले पानी. हळूहळू पी माय." मग जरा वेळाने, "कोन धाडलं तुले या उन्हात?"

कोणी नाही, म्हटलं, लेक उन्हात पळते, तिला शोधायला आले. ती बाई बराच वेळ हसली. मला राग आला, आणि मग मलाही हसू आलं, पण डोकं फार दुखत होतं.

तेवढ्यात वैशाली दिसली. उजव्या फाट्याने वेळेत परत आली होती. झाडाखाली नुसते कांदे. मी नाही. तिने झाडाभोवती हाका मारल्या, लोकांना विचारलं, आणि पळायला लागली, या वेळी भर उन्हात, दमलेली. लांबून येताना मी तिला पहिल्यांदा पळताना बघितलं. काय सांगू. ती आता पडेल अशी भीती वाटत होती आणि त्याच वेळी मनात येत होतं, काय सुंदर पळते माझी पोर. पाय जमिनीला नुसते शिवत होते. एकाच माणसाच्या मनात या दोन गोष्टी एकदम कशा राहतात?

ती आली आणि बाकाशी खालीच बसली. तोंड लालभडक, श्वास लागलेला. बाईने आता तिच्या डोक्यावर पाणी ओतलं. पुष्कळ वेळाने तिला बोलता आलं.

"तू काहून उठली तिथून?"

"तू कुठं गेलीस ते मला माहीत नव्हतं."

"मंग इचारायचं ना आई."

माझ्या लेकीची बोली लग्नानंतर माझ्यापेक्षा पक्की वऱ्हाडी झालीय. मग ती आपणच बोलायला लागली. म्हणाली, शाळा सुरू झाली की श्वास घ्यायला फुरसत नाही, मे महिना तेवढा तिचा. आजवर सुट्टी पोरीत जायची. आता पोर येत नाही, घरात कूलरचा आवाज तेवढा. पहिल्या दिवशी नुसती चालायला आली होती, मग पाय पळायला लागले. "पळताना कोनाचं काही देनं बाकी नाई राहत, आई. पन घरून निघताना वाटते, मी चालली का राहिली, कोनालेच फरक नाई. हे तं तोंडच उघडत नाईत."

घरी आलो तर सुनीलराव दारात. कामावर गेलेच नव्हते. आम्हा दोघींची तोंडं बघून ते आत गेले. वैशाली आंघोळीला गेल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, सुनीलराव, तिला तुम्ही एकदाही विचारलं नाही, कुठं जाते, किती लांब जाते?

ते जमिनीकडे बघत होते. त्यांचे वडील ऊन लागून गेले, एवढं मला सोयरिकीच्या वेळेपासून माहीत होतं. बाकीचं त्या दिवशी कळलं.

"मी लहान होतो. बाबा वावरात (शेतात) निंगाले तं मी इचारलं, बाबा, कुठी चालले? आजी म्हने, बस, पानी पे, मंग जा. बाबा हासले. थांबले नाईत." मग म्हणाले, "तवापासून मी कोनालेच नाई इचारत. ती निंगाली का मी खिडकीत उभा रायतो. ती वापस आली का झोपल्यावानी करतो."

त्यांना वाटत होतं मी तिला थांबवावं, आणि तिला कोणीतरी विचारायला हवं होतं, आणि मी स्वतः तर आदल्या दिवशी नाशिकला चप्पल काढून परत बसलेली बाई. नाही, आदल्या नव्हे, त्याच्या आदल्या. दिवससुद्धा माझे गोंधळले होते. शेवटी मी म्हटलं, "तुमच्या बाबांना विचारलं म्हणून नाही काही झालं. पाणी न पिता गेले." हे खरं की खोटं, देव जाणे. माझ्या तोंडून निघून गेलं.

मी आणखी दोन दिवस राहिले. वैशाली पळायला गेली नाही, मीच पडून होते म्हणून. थांब असं मी तिला म्हटलं नाही, पळ असंही म्हटलं नाही. माझं मत मला अजून सापडलेलं नाही.

निघायच्या दिवशी अंधार असतानाच मला बुटांचा आवाज आला. उठून बघते तर वैशाली दार उघडत होती. आणि मागून, अगदी घोगऱ्या आवाजात, "कुठी चालली?"

ती जागच्या जागी थिजली. मीही. सुनीलराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. हातात पाण्याचा काठोकाठ भरलेला तांब्या.

वैशालीने त्यांच्याकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं. मग दार लोटलं, आत आली आणि खुर्चीवर बसली. बूट काढले नाहीत. तिने सगळा तांब्या संपवला.

"तलावाच्या उजव्या फाट्यानं," ती म्हणाली. "पुलापर्यंत. ऊन व्हायच्या आत वापस."

"पुलापर्यंत," ते म्हणाले. "बरं."

ती गेली. ते खिडकीत उभे राहिले, मी त्यांच्या शेजारी. ती येईपर्यंत आम्ही तिथून हललो नाही. ती आली तेव्हा ऊन झालं नव्हतं. ते झोपायला गेले नाहीत, चहा ठेवायला गेले.

परतीच्या गाडीत मी हाच हिशेब मांडत होते की मी गेले कशाला आणि करून आले काय. बाळू म्हणेल, तू तिला थांबवलं नाहीस. वहिनी काही म्हणणार नाही, कुरडया देईल. त्या रीतीत वाईट ते विचारणं, की विचारल्यावर न बसणं? आजी-पणज्यांनी आम्हाला विचारू नका एवढंच शिकवलं, आणि बसून पाणी पिणं मी आजवर नुसतं चूक निस्तरणं समजत होते.

नाशिकला येऊन आठवडा झाला. काल संध्याकाळी भाजी आणायला निघाले, तर पूर्वा तिच्या दारात उभी. तिने माझी पिशवी बघितली, तोंड उघडलं आणि चटकन मिटलं. कोणीतरी तिला शिकवलेलं दिसतं. नुसती हसली.

मी जिना उतरले. अर्धा उतरले आणि पाय पुढे जाईनात. परत वर आले. तिला वाटलं, काही विसरलं. मी म्हटलं, "विचार ना गं, कुठं निघालात म्हणून."

तिने घाबरत घाबरत विचारलं. मी तिच्या घरात गेले, बसले आणि पाणी मागितलं.